कणगीला तोंड नको

एल्क फोर्डमध्ये ऑक्टोबर जवळ आला की दोन गोष्टी माणसाची वाट अडवतात. एक म्हणजे रस्त्यानं रांगत चाललेली मका काढायची यंत्रं, आणि दुसरी मार्लिस ट्याडेन. यंत्राला वळसा घालून पुढे जाता येतं, मार्लिसला नाही. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल पंपावर, जिथे गाठ पडेल तिथे ती पोराला आईच्या हातातून सोडवून घेते, त्याच्या खांद्यांवर वीत टाकते आणि विचारते, "काय रे, यंदा काय व्हायचंय?" पोरानं तोंड उघडायच्या आत तिनं मनात कापडही ठरवलेलं असतं.

मार्लिसचं वय एकाहत्तर. गावातलं हायस्कूल बंद पडायच्या आधी बँडचे गणवेश तीच शिवायची. लग्नातले झगे, वाढत्या पोटांच्या पॅन्टा, चर्चमधले पडदे, सगळं तिच्या तळघरातल्या दोन मशिनींखालून गेलेलं. पण तिचं खरं नाव झालं ते पोरांच्या सोंगांमुळे, जी घालून ती ऑक्टोबरअखेरीस दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात सोंगं पिशवीत घडी घालून मिळतात, आणि त्यांचं नाव काढलं तरी मार्लिसचं डोकं तडकतं. "त्याला काय कापड म्हणायचं? कॉफी गाळायलासुद्धा उपयोग नाही त्याचा!"

तिचे नियम दोन. पहिला, माप जाड कोट घालूनच घ्यायचं. आमच्याकडे ऑक्टोबरच्या अखेरीस असा वारा सुटतो की दुकानातलं सोंग कोटाखाली जातं आणि परी, चेटकीण, सिंह सगळे रात्रभर निळ्या कोटातली पोरं म्हणून फिरतात. मार्लिसचं सोंग कोटावरून चढायचं. दुसरा नियम तोंडाचा. आमच्या भागात पोरं बाकी देशासारखी एकतीसला निघत नाहीत, तीस तारखेला निघतात. सहाच्या भोंग्याला सुरुवात, आठच्या भोंग्याला शेवट. आणि नुसती पिशवी पुढे केली म्हणून कुणी त्यात काही टाकत नाही. दारात उभं राहून आधी जोक सांगायचा. तो कितीही शिळा असला तरी घरातल्या माणसानं हसायचं, मग चॉकलेट. आमच्या आज्यांनीही अशीच चॉकलेटं कमावली. आता दुकानातल्या मुखवट्याला तोंडाच्या जागी नुसती रेघ असते, आतलं पोर काय बोलतं ते बाहेर ऐकूच येत नाही. मार्लिसच्या सोंगाला मात्र बरोबर ओठांसमोर, कडा दुमडून शिवलेलं भोक असायचं. ड्रॅगन असो, टोमॅटो असो, नाहीतर ट्रॅक्टर. "जोकचं भोक विसरलं की सोंग फुकट," असं ती म्हणायची, आणि या एका बाबतीत गावात कुणाचं दुमत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी डॅरिन रासमुसन आपल्या मुलीला घेऊन आला. डॅरिन इथलाच. मधे काही वर्षं सीडर रॅपिड्सला होता, दीड वर्षापूर्वी बायको-मुलीसह परत आला आणि धान्याच्या गोदामावर ट्रकचं वजन करायच्या कामाला लागला. राहायला बापाच्या शेतावर, गावापासून सात मैल दूर, आणि चर्चही दुसरं. त्यामुळे ही आठ वर्षांची लिनिया मार्लिसला नवीनच होती.

"अरे डॅरिन! शाळेच्या शेवटच्या नाचाला पॅन्ट फाटली होती तुझी, आठवतं? गाडीच्या मागच्या सीटवर बसून शिवून दिली होती मी. तू पुढे बसून रडत होतास."

"रडत नव्हतो," डॅरिन म्हणाला.

"रडत होतास. आणि ही लिनिया ना? ये ग बाळा. कोट काढू नकोस, कोट राहू दे. काय व्हायचंय?"

लिनियानं हातातला कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलनं एक उंच नळकांडं काढलेलं होतं. अंगावर आडवे पट्टे, डोक्यावर टोकदार झाकण, बाजूला शिडी, आणि वरच्या बाजूला दोन डोळे.

मार्लिसनं चष्मा वर केला, खाली केला. "ही धान्याची कणगी आहे का? पत्र्याची?"

लिनियानं मान डोलावली.

मार्लिस गोंधळली. चाळीस वर्षांत तिनं काय काय शिवलं नव्हतं? एकदा तर दात घासायचा ब्रशही शिवला होता. पण कणगी? जी इथल्या प्रत्येक शेतावर चार-चार उभ्या आहेत, जिच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही, ती व्हायचंय पोरीला? बाप गोदामावर आहे म्हणून का? तिनं तसं विचारलं. लिनियानं खांदे उडवले, मग विचार करून मान हलवली. मार्लिसनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि टेप उचलली.

माप घेता घेता तिचं बोलणं सुरू होतं. बोलता बोलता ती आपल्या आवडत्या किश्श्यावर आली. तो ती वर्षभर सगळ्यांना सांगत होती, तेव्हा यांनाच का सोडावं?

"म्हणून सांगते, दुकानातलं काही घेऊ नये. मागच्या वर्षी माझ्या दारात एक कोल्हा आला. दुकानातला मुखवटा! आतून नुसतं 'क, क, क' असं काहीतरी. मी म्हटलं, मोठ्यानं बोल ग बाळा! तर परत 'क, क'. मी मागच्या रांगेला विचारलं, कुणाला ऐकू येतंय का रे? सगळी हसून बेजार! शेवटी मीच जोक पुरा केला, कोंबडी रस्ता का ओलांडते तो जुनाच होता. बिचारीला दोन चॉकलेटं दिली. मुखवट्याला भोक नसलं की हे असं होतं!"

डॅरिन छताखालच्या पाइपकडे बघत होता. "यंदा मका बरा आहे," तो म्हणाला.

लिनिया हात पसरून उभी होती, अगदी ताठ. तासाभरात तिनं एक शब्द उच्चारला नाही. मार्लिसच्या ते ध्यानात आलं नाही, कारण तिच्या बोलण्यात दुसऱ्याचा शब्द शिरायला फट नव्हती.

कणगी मात्र तिनं मनापासून केली. इस्त्रीच्या टेबलावर घालतात ते चंदेरी कापड मागवलं, त्याच्या आत अस्तर घातलं आणि आडव्या शिवणी मारून पत्र्याच्या पन्हाळ्या काढल्या. पाण्याचा प्लास्टिकचा पाइप वाकवून तीन कडी केली. काळ्या फितीची शिडी, चंदेरी बटणांचे खिळे. तिचा नवरा व्हर्लिन पस्तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, हाताचा चांगला आणि तोंडाचा मुका म्हणावा इतका अबोल. त्यानं पुठ्ठ्याचं टोकदार झाकण करून दिलं. मग लिनियाचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

"चित्रात तोंड नाहीये," तो म्हणाला.

"लहान पोर आहे. विसरली," मार्लिस म्हणाली, आणि डोळ्यांच्या खाली चार बोटं अंतर सोडून गोल भोक कापलं. मक्याचे दाणे बाहेर पडायची खिडकी वाटावी म्हणून त्याला छोटंसं झाकणही लावलं. असं तिला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतःवर फार खूश होती.

पहिल्या फिटिंगला लिनिया आत शिरली, आणि कणगी तळघरभर फिरली. एकदा या भिंतीला धडकली, एकदा त्या. आतून खिदळण्याचा आवाज आला. मार्लिसनं कमरेवर हात ठेवून डॅरिनकडे पाहिलं. मग कणगी एकदम थांबली. भोकातून एक बोट बाहेर आलं, कडेवरून गोल फिरलं आणि आत गेलं. लिनिया खालून सरपटत बाहेर आली, भोकाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. नको.

"लहान झालं का?" मार्लिसनं विचारलं.

लिनियानं पुन्हा मान हलवली.

"डॅरिन, काय झालं रे? आवडलं नाही का?"

"नाही नाही! छान झालंय. खूपच छान."

"पण?"

"पण वगैरे काही नाही. उत्तम आहे."

आता आमच्या गावात 'छान आहे' याचे किमान अकरा अर्थ होतात आणि त्यातल्या नवांचा अर्थ छान नाही असाच असतो. हे मार्लिसलाही ठाऊक होतं. पण अकरातला हा कुठला, ते तिला कळेना. विचार करकरून तिनं ठरवलं की भोक लहानच झालं असणार. तिनं ते दुप्पट मोठं केलं आणि भोवती लाल लोकरी कापडाचे हसरे ओठ शिवले.

दुसऱ्या फिटिंगला लिनियानं ते ओठ पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलून तिनं त्या ओठांवर ही मोठी फुली मारली. दाबून, दोनदा. मग खडू जागच्या जागी ठेवला आणि जिना चढून निघून गेली.

"रंग नाही आवडला का?" मार्लिस म्हणाली. पण तेव्हा ऐकायला तिथे कुणीच उरलं नव्हतं, कारण डॅरिनही 'सॉरी, सॉरी' करत पोरीच्या मागे धावला होता.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. लिनिया यंदा जाणार नाही म्हणते. तुम्ही आता त्रास घेऊ नका. शिलाईचे पैसे मी आणून देतो. सोंग खरंच छान आहे.

मार्लिसनं फोन ठेवला आणि ती खुर्चीत बसून राहिली. चाळीस वर्षांत तिचं एकही सोंग घरी पडून राहिलं नव्हतं. आणि पैशांची काय पडली होती! एक पोर तीस तारखेला घरात बसणार, आणि ते तिनं शिवलेल्या कशामुळे तरी. हे तिच्या घशाखाली उतरेना.

"शिवण टोचली असेल का?" तिनं व्हर्लिनला विचारलं. "का वजन जास्त झालं? पण नाचली की चांगली! मग ओठ वाईट दिसले का? मी ओठ काढते. निळे करते. का कणगीच नको झाली? हल्लीच्या पोरांचं काही समजत नाही बाई."

"विचार तिला," व्हर्लिन म्हणाला.

"विचारलं की! बोलतच नाही ती पोरगी."

व्हर्लिननं वर्तमानपत्राआडून तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं.

दुसऱ्या दिवशी ती गोदामावर गेली. मक्याचे ट्रक रांगेत उभे होते आणि हवेत सगळा भुस्सा. डॅरिन काट्याच्या केबिनमध्ये होता. तिनं लिनियाचं विचारलं, त्यानं मक्यातल्या ओलाव्याचं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं तिला कॉफी दिली. घरचं सगळं ठीक आहे, म्हणाला. पोरांचं काय, आज एक उद्या एक. अर्ध्या तासानं ती कंटाळून उठली, आणि तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला.

आमच्याकडे खरं बोलणं गाडीच्या दारातच होतं. पाहुणा आत बसतो, किल्ली फिरवतो, काच खाली करतो, मग सोडायला आलेला माणूस टपावर हात ठेवून जे बोलायचं ते बोलतो. डॅरिननं टपावर हात ठेवला. पावसाबद्दल बोलला, तिच्या टायरबद्दल बोलला. मग खाली बघत म्हणाला, "मार्लिस, तो मागच्या वर्षीचा कोल्हा..."

"कुठला कोल्हा?"

"तुम्ही सांगता ना तो. ती लिनिया होती."

मार्लिसनं गाडी बंद केली.

"मुखवट्याचा प्रश्न नव्हता," डॅरिन म्हणाला. "तिचं बोलणं अडतं. शब्द सुरू होतो आणि तिथेच अडकून बसतो. थोडं थांबलं की येतो बाहेर. तो कोंबडीचा जोक तिनं आठवडाभर घरात म्हणून म्हणून पाठ केला होता. बाकीच्या घरी जमला. तुमच्या दारात..." त्यानं टपावरचा भुस्सा झटकला. "त्यानंतर शाळेत पोरं तिला 'मोठ्यानं बोल ग बाळा' असं चिडवायला लागली. म्हणून यंदा तिनं असं काहीतरी शोधलं की ज्याला तोंडच नाही. मग कुणी जोक मागणार नाही."

"मी तिला दोन चॉकलेटं दिली होती," मार्लिस म्हणाली. शब्द तोंडातून निघाल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

"दिलीत ना. तुम्ही चांगल्याच वागलात हो."

"मग वर्षभर मला कुणी सांगितलं का नाही?"

डॅरिनला या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं ना," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत मार्लिसचा चेहरा लालबुंद झाला होता. हातमोजेही न काढता ती व्हर्लिनसमोर उभी राहिली. "तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"अंदाज होता! आणि बोलला नाहीस?"

"तू तो किस्सा इतक्या आनंदानं सांगायचीस," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज खरंच मऊ होता, आणि म्हणूनच मार्लिसला त्याच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. तिनं हातमोजेच फेकले. मग तळघरात जाऊन बसली आणि तो किस्सा आपण कुठे कुठे सांगितला ते आठवू लागली. चर्चच्या कॉफीला. केस कापायला गेल्यावर. गोधड्या शिवणाऱ्या बायकांत दोनदा, कारण पहिल्यांदा दोघी उशिरा आल्या होत्या. आणि इथे, या दिव्याखाली, त्या पोरीच्या खांद्यावर टेप धरून, तिलाच. सगळे हसले होते. त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? गावानं तिला जपलं होतं, आणि त्या जपण्याची किंमत आठ वर्षांच्या पोरीनं दिली होती. मार्लिसला रडू आलं. राग आपला की गावाचा, शरम कुणाची, दया कुणाची, तिला काही उमगेना. ती नुसती चंदेरी कणगीसमोर बसून रडली.

मग तिनं कात्री घेतली. भोकावर ठिगळ लावता आलं असतं, पण ठिगळ दिसतं. तिनं समोरचा अख्खा पट्टा उसवला, नवा कापला आणि वरपासून खालपर्यंत एकसंध शिवला. फक्त दोन डोळे ठेवले. चाळीस वर्षांत तिच्या हातून तोंड नसलेलं सोंग पहिल्यांदाच झालं.

व्हर्लिननं कणगी पिकअपमध्ये आडवी बांधली आणि दोघं रासमुसनांच्या शेतावर गेली. मार्लिसनं बरोबर शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्यांचं ताट नेलं, कारण रिकाम्या हातानं माफी मागायची आमच्याकडे रीत नाही. लिनिया स्वयंपाकघराच्या टेबलाशी गणितं सोडवत होती. मार्लिस तिच्यासमोर बसली. वाटेत सात मैल तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मागच्या वर्षी," ती म्हणाली, आणि थांबली. "मला वाटलं मुखवटा वाईट आहे. मुखवटा नव्हता वाईट. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. आणि मग ते सगळीकडे सांगत सुटले. तुलाही सांगितलं. मी फार चुकले, लिनिया."

लिनिया तिच्याकडे न बघता उठली, दारातल्या कणगीत हात घातला आणि आतून समोरच्या बाजूवर तळवा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. मग तिनं मार्लिसकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ काय घ्यावा ते मार्लिसला कळलं नाही.

"माझ्या दारी यायलाच पाहिजे असं नाही," मार्लिस म्हणाली. "तुझं चॉकलेट मी बाबांजवळ पाठवीन. मोठं."

लिनियानं एक वडी उचलली आणि परत गणिताला बसली.

तीस तारखेला थंडी कडाक्याची पडली. मार्लिसनं दुपारीच तिखट राजम्याची आमटी आणि दालचिनीचे गोड रोल करून ठेवले होते. पण ती दारी येणाऱ्या पोरांना जोक विचारायचा की नाही याचाच घोळ घालत बसली होती. "कुणालाच विचारत नाही यंदा," ती म्हणाली.

"पोरांनी पाठ केलेत. हिरमुसतील," व्हर्लिन म्हणाला.

"मग बाकीच्यांना विचारीन. कणगी आली तर तिला नाही विचारणार. पण सगळ्यांना विचारलं आणि तिलाच सोडलं, तर तेही टोचणार ना? आणि विचारलं तर? व्हर्लिन, काही बोल की!"

"बघू आली तर," व्हर्लिन म्हणाला.

सहाचा भोंगा झाला. मार्लिस अख्खी मोठी चॉकलेटं देते, तुकडे नाही, त्यामुळे तिच्या दारी नेहमीच रांग लागते. टोमॅटो आला, घुबड आलं, एकसारखी दिसणारी दोन भुतं आली. जोक झाले, मार्लिस हसली. पण तिची नजर सारखी रस्त्याकडे. सात वाजले. साडेसात झाले. मग कोपऱ्यावर खांबाच्या उजेडात काहीतरी चंदेरी चमकलं आणि डुलत डुलत, मधेच कुंपणाला धडकत, कणगी आली आणि रांगेत सर्वांत मागे उभी राहिली. डॅरिन रस्त्यावरच थांबला. तिच्यामागे आणखी चार पोरं येऊन उभी राहिली, दुसऱ्या चॉकलेटच्या आशेनं परतलेली ती दोन भुतंही त्यांत होती.

कणगीचा नंबर आला. मार्लिसनं न बोलता एक चॉकलेट पुढे केलं.

कणगीनं घेतलं नाही.

मार्लिसनं दुसरं उचललं, दोन पुढे केली. आणि त्याच क्षणी तिला मागच्या वर्षीची दोन आठवली आणि तिनं हात मागे घेतला. आता काय करावं? तिनं व्हर्लिनकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता. कणगी हलेना. मागच्या पोरांची चुळबुळ सुरू झाली.

मग आतून आवाज आला. अगदी बारीक, अस्तरात गुरफटलेला. मार्लिसला काही ऐकू आलं नाही. 'मोठ्यानं' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला. दरवाजाची चौकट धरून, दुखरा गुडघा वाकवून, ती पायरीवर खाली बसली आणि कान कणगीला लावला.

"ग," कणगी म्हणाली. "ग... ग..."

मार्लिस थांबली. आयुष्यात कशासाठी थांबली नसेल इतकी थांबली. गाय असणार, गाढव असणार, गवत असणार, तिच्या डोक्यात शब्दांची नुसती गर्दी झाली होती आणि प्रत्येक शब्द बाहेर पडायला बघत होता. तिनं दोन्ही चॉकलेटं मुठीत आवळून धरली. मागून एक भूत म्हणालं, "काय म्हणतेय?" व्हर्लिन त्याला म्हणाला, "थांब." व्हर्लिन सहसा कुणाला काही सांगत नाही, त्यामुळे ते भूत लगेच थांबलं.

"...गाय म-मंगळवारी रस्ता का ओलांडत नाही?"

"का बरं?" मार्लिसनं विचारलं.

"कारण क... क..."

वारा आला आणि कणगीचं झाकण हललं. कुणी हसलं नाही.

"...कचऱ्याची गाडी!"

मार्लिस वाट बघत राहिली. पण जोक संपला होता. इथे हसायचं असतं. कळो न कळो, हसायचं, चॉकलेट द्यायचं, 'छान' म्हणायचं. तिनं हसायला तोंड उघडलंही. पण कानात अजून तो अडलेला, ओढून आणलेला शब्द होता, आणि त्याच्यावर खोटं हसू टाकणं तिच्यानं होईना.

"मला नाही कळला ग," ती म्हणाली.

मग टोकदार झाकण वर उचललं गेलं, बाजूला गवतावर पडलं, आणि आतून लिनियाचं लाल टोपीतलं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले आणि कपाळाला आठ्या.

"मंगळवारी क-कचऱ्याची गाडी येते ना!"

"येते. मग?"

"ती म-मोठी असते. हिरवी. आणि हंबरते. गाईला वाटतं तो ब-ब... बैल आहे!"

"बरं. मग बैलाला ती आवडते?"

"बैल नाहीच आहे तो! गाडी आहे!"

"मग गाय तिथे का थांबते? गाडीला बघून?"

"ती ल-लाजते!" लिनिया ओरडली. पलीकडच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. रस्त्यावर उभ्या डॅरिननं दोन्ही हात तोंडावर धरले.

मागचं एक भूत म्हणालं, "मला कळला." दुसरं म्हणालं, "मला नाही." मार्लिसचा गोंधळ तर आता पहिल्यापेक्षा वाढला होता. गाय, मंगळवार, बैल आणि लाजणं यांचा मेळ तिला काही केल्या लागेना. "पण लाजते तर रस्ता ओलांडायला काय हरकत आहे?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

लिनियानं दोन्ही हात कणगीच्या काठावर ठेवले आणि शाळेतल्या बाई नवीन पोराकडे बघतात तसं मार्लिसकडे पाहिलं.

"तुम्ही नीट ऐ-ऐकतच नाही," ती म्हणाली. "थांबा. मी प-पहिल्यापासून सांगते."

मार्लिसनं पायरीवर सरकून तिला बसायला जागा केली, पण कणगीला बसता येत नव्हतं. तेव्हा लिनियानं उभ्याउभ्याच सुरुवात केली.